दादाचा उपास

माझ्या थोरल्या भावाने दीड महिना उपास केला, आणि त्या दीड महिन्यात त्याच्या पानात रोज माझ्या तिप्पट पडत होतं. हे मी चेष्टेने लिहीत नाही. म्हणजे चेष्टेचा मोह मला तेव्हाही आवरला नव्हता आणि आज म्हातारपणीही पुरता आवरत नाही. पण घडलं ते असंच घडलं.

माएबूर्ग गावाहून प्लेन मान्येन गावाकडे बैलगाडीने निघालं की तासा-दीड तासात आमचा उसाचा मळा लागायचा. आगगाडी तेव्हा या बेटावर आली नव्हती. दादा माझ्या आधी सात वर्षं गाव सोडून जहाजातून इथे आला, पाच वर्षांचा मजुरीचा करार त्याने ऊस तोडून पुरा केला आणि पुढे मळ्याचा सिरदार झाला, म्हणजे मजुरांवरचा मुकादम. मी बायकोला घेऊन पोचलो तेव्हा बंदरावर मला घ्यायला आलेला माणूस माझा भाऊ आहे हे ओळखायला मला वेळ लागला. गावी असताना बरगड्या मोजाव्यात असा होता. आता सदऱ्याची बटणं ओढून धरलेली आणि चालताना धाप. तो ऊस तोडत नव्हता, उसाकडे बोट दाखवत होता, आणि तेवढ्यासाठी त्याला खेचर दिलेलं होतं. मी त्या खेचराकडे बघितलं आणि मला पहिली दया त्या जनावराची आली.

दादाचा एकच धर्म होता: मळ्याचा साहेब खातो ते खायचं. सकाळी गव्हाचा पांढरा पाव, काकवीत बुडवून. उसाच्या मळ्यावर काकवीला काय तोटा? त्यावर साखर घालून घट्ट केलेली कॉफी. दुपारी पांढऱ्या तांदळाचा डोंगर आणि त्यावर बकऱ्याचा रस्सा, संध्याकाळी तेलात तळलेला खारा मासा आणि रम. खाऊन झालं की ओटीवर बसून पोटावर हात फिरवायचा आणि समोरून कामावरून परतणाऱ्या माणसांकडे असा बघायचा की जणू ते पोट त्याने कुठल्या लढाईत जिंकून आणलं आहे.

आम्ही मजुरांच्या वस्तीतली माणसं काय खात होतो? शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तेल आणि सुका मासा मिळे. बाकी पोट पाल्यावर भरायचं. शेवग्याची पानं, अळू, भोपळ्याचे शेंडे, ओढ्याकाठी उगवलेलं काहीही. इथले लोक अशा सगळ्या पाल्याला ब्रेद म्हणतात. माझी बायको रोज ओचाभर ब्रेद खुडून आणी आणि मूठभर डाळीत शिजवी. आता कुणी म्हणेल, वा, किती शहाणी माणसं! शहाणी कसली? बकरा मिळाला असता तर आम्हीही बकराच खाल्ला असता. परिस्थितीने आम्हाला सडपातळ ठेवलं होतं, त्यात आमची अक्कल काही नव्हती. वस्तीतले पन्नाशी उलटलेले मजूर उन्हात दिवसभर वाकून काम करत आणि त्यांचे पाय धड असत, हे मात्र मी पाहत होतो.

एका रविवारी बायकोने शेवग्याची भाजी खोबरं घालून केली आणि वाडगा भरून दादाकडे घेऊन गेली. मी मागे होतोच. दादाने वाडग्यात डोकावून पाहिलं, अंगणातली शेळी बोलावली आणि भाजी तिच्यापुढे ओतली.

"पाला खायचं दिस गेलं आपलं," तो मला म्हणाला. "सिरदाराच्या घरात ह्ये आणू नकोस रं. लोक बघत्यात."

बायको वाडगा घेऊन परत फिरली. माझी वहिनी चुलीपाशी उभी होती. तिच्याकडे बघून कळत होतं की तिला ती भाजी हवी होती. मला दादाचा इतका संताप आला की मी त्याच दिवसापासून त्याची टिंगल करायचं मनाशी नक्की केलं. भांडण करण्याची माझी ऐपत नव्हती, तो सिरदार होता. टिंगल मात्र त्याला आवडायची. मला वडिलांनी धूळपाटीवर चार अक्षरं शिकवली होती, दादा शिकला नव्हता. त्यामुळे मी काही खोचक बोललो की तो ते शहाणपण समजून मोठ्याने हसायचा.

मग मुंग्या आल्या. दादा घरामागे जिथे लघवीला बसायचा तिथे काळ्या मुंग्यांची रांग लागायला लागली. शेजारी वहिनी बसत असे तिथे एक मुंगी नाही. त्याला तहानही भलतीच लागे. घागरभर पाणी संपवूनही ओठ कोरडे. वस्तीत हे सगळ्यांना कळलं, कारण वस्तीत सगळंच सगळ्यांना कळतं. मी चारचौघांत म्हणालो, "दादा, साखर गिरणीत करतात, तू घरातच चालू केलीस की काय?" माणसं खो खो हसली. दादा तर सगळ्यांत जास्त हसला. पुढे कितीतरी दिवस तो पाहुण्यांना ती जागा कौतुकाने दाखवत असे. "अंगात साखर मावना बघा," असं वर म्हणायचा. मी माणसं पाहिली आहेत, पण स्वतःचा रोग पाहुण्यांना दाखवून मिरवणारा हा एकच.

त्यानंतर बूट. साहेबाला बूट म्हणून दादाला बूट. जन्मात चप्पल न घातलेले ते पाय, कातड्यात कोंबले. एके दिवशी बूट काढला तर आत रक्त, आणि टाचेला रुपयाएवढा फोड फुटलेला. नवल हे की दादाला काही कळलंच नव्हतं. त्याची पावलं कित्येक महिन्यांपासून बधिर होती, आणि हेही तो साहेबी लक्षण समजत होता की काय कोण जाणे. महिना झाला तरी जखम भरेना. कडा काळ्या पडल्या आणि वास यायला लागला.

मळ्याच्या इस्पितळात आठवड्यातून एकदा डॉक्टर यायचा. त्याने दारातूनच नाकाला रुमाल लावून पाय बघितला, फ्रेंचमध्ये दोन वाक्यं टाकली आणि निघून गेला. काळेपणा घोट्याच्या वर चढला तर पाय कापावा लागेल, एवढाच त्याचा अर्थ होता. पाय बरा कसा होईल याबद्दल त्या विद्वानाकडे एक शब्द नव्हता.

त्या दिवशी दादा पहिल्यांदा भ्यालेला मी पाहिला. एका पायाचा सिरदार कुठे असतो? खेचरावर बसवणार कोण आणि उतरवणार कोण? ज्यांच्यावर इतकी वर्षं ओरडला त्यांच्याच पडवीत काठी टेकत बसायचं, हे त्याला मरणाहून वाईट वाटत होतं. तो मला म्हणाला, "तुला चार अक्षरं येत्यात. कायतरी कर. माजा पाय जाता कामा नये."

मी त्याला एका म्हाताऱ्याकडे नेलं. म्हणजे म्हाताऱ्याला त्याच्याकडे आणलं. सिरदार मजुराच्या झोपडीत कसा जाईल? साताऱ्याकडचा हा माणूस गावी एका वैद्याकडे मुळ्या कुटायला होता आणि वस्तीत त्याला सगळे आजा म्हणत. त्याने पाय पाहिला, दाबला, मुंग्यांची जागा पाहिली.

"साखर बंद," आजा म्हणाला. "काकवी, भात, पाव, दारू, समदं बंद. बकरंबी. कारली खा, शेवग्याचा पाला खा, मुगाचं पाणी पी. घोड्यांच्या तबेल्यात जव येत्यात न्हवं? ते माग. त्याची भाकर खा, कोंड्यासकट. जखम कडूलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धू."

"मो पा सेवाल!" दादा ओरडला. रागावला की त्याच्या तोंडी इथली क्रेओल यायची. "मी काय घोडा हाय? तबेल्यातलं खाऊ?"

"पाय ऱ्हाईलच असं मी बोलत न्हाई," आजा शांतपणे म्हणाला. "धा वर्सं ह्येच खाल्लं असतंस, तर आज मला बोलावलं नसतंस. आता वाव हाय थोडा. न्हाई खाल्लंस तर त्योबी न्हाई."

आजा गेल्यावर वहिनी रडायला लागली. दादा टाचेकडे बघत म्हणाला, ठीक आहे, बकरा सोडतो, मासा सोडतो, रम सोडतो, भात आणि पावही सोडतो. आम्ही थक्क झालो. वहिनीने देवापुढे डोकं टेकलं. मीसुद्धा, खोटं कशाला सांगू, खूश झालो.

पण सिरदाराने साध्या मजुराचं ऐकून पथ्य पाळायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने जाहीर केलं की आपण पथ्य नव्हे, उपास धरला आहे. गावच्या देवाला बोललो आहोत: जखम भरेपर्यंत अन्न घेणार नाही, फक्त फराळ.

आमच्या वस्तीत पूजा सांगणारा एकजण होता. गावी तो देवळात झाडलोट करायचा, आणि जहाजातून उतरला तो भटजी होऊनच उतरला. दादाने त्याला विचारून उपासाचे पदार्थ ठरवले. धान्य नाही, म्हणजे जव गेले. डाळ नाही, मूग गेले. पालेभाजी उपासाला चालत नाही, कारलं तर नाहीच. आजाने सांगितलेलं एकूण एक बाद झालं. चालायचं काय? रताळी, केळी, दूध, तूप, शेंगदाणे आणि साखर. मान्योकवर मात्र वाद झाला. या बेटावरचा तो पिठूळ कंद आमच्या गावी कुणी पाहिलेला नव्हता, मग देवाला तो चालतो की नाही? भटजीने डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं की जमिनीखाली वाढतो म्हणजे कंद, आणि कंद चालतो. काकवीबद्दल कुणी विचारलंच नाही. ती उसाची, ऊस तर पूजेत असतो.

असा तो उपास सुरू झाला. सकाळी दूध-साखरेत कुस्करलेली सहा केळी. दुपारी तुपावर परतलेला मान्योक, साखर पेरून, आणि परातभर रताळ्यांच्या काकवीतल्या फोडी. संध्याकाळी शेंगदाण्याचे लाडू. मध्ये कंटाळा आला तर आटीव दूध. दादा पाटावर बसून हे सगळं रिचवायचा आणि वर सुस्कारा टाकायचा, "अन्नाविना दिस जाईना बाबा." वस्तीतली माणसं हात जोडून बघत. बायका त्याच्या पाया पडायला येत, हात मात्र धडक्या पायालाच लावत. जन्मभर जनावरं खाल्लेला माणूस आता झाडामातीतलंच खातो, केवढा पालट! आणि दादा त्यांना उपदेश करी की मांस सोडा, मासे सोडा, माझ्याकडे बघा. मी बघतच होतो. मुंग्यांची रांग आता घराच्या भिंतीपर्यंत आली होती.

मी वहिनीला बाजूला घेऊन म्हणालो, "वहिनी, हे बकऱ्यापेक्षा वाईट चाललंय. रताळी बंद करा, गुपचूप पाला घाला."

ती दचकली. "भावजी, देवाला बोललेत ते. मधीच मोडला तर पाय तरी ऱ्हाईल का?"

तिचंही काय चुकलं? तिच्या हिशेबात पाय देवाच्या हातात होता आणि देव रताळ्यांवर राजी होता.

शेवटी मी आजाकडे गेलो. तो तंबाखू मळत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उपास मोडत न्हाई त्यो, तर मोडू नगंस. तू घे."

"म्हणजे?"

"रीत हाय की. आजारी मानसाचा उपास रक्ताच्या मानसानं आपल्या अंगावर घ्यायचा. देवापुढं पानी सोडायचं, म्हनायचं, आजपासून ह्येचा उपास माजा. मग त्यो मोकळा. त्याला जव खाऊ दे, पाला खाऊ दे. तू खा रताळी."

रीत मलाही ठाऊक होती. गावी आमच्या आजीने एका चुलत्याचा सोमवार असाच घेतला होता. बायको तर घरी येताच मागे लागली. "तुमी घ्याच. दोन महिने रताळी खाल्लीत तर काय झिजनार हाय तुमचं?" मी तिला म्हणालो की मला त्या भोंदू भटजीपुढे पाट मांडून बसायचं नाही. जो उपास मुळातच थोतांड आहे तो अंगावर कसला घ्यायचा? मूर्खपणा त्याने केला, त्यात मी भागीदार होऊ? आज आठवतं की हे बोलताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. अख्ख्या वस्तीत खरं काय ते कळणारा मी एकटा, असं काहीसं.

उपास दुसऱ्याने घ्यायची ती रीत आजाने दादाच्याही कानावर घातली असावी. कारण पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा दादाच्या ओटीवर दहा-बारा माणसं बसली होती, भटजीही होता, आणि दादाने सगळ्यांसमोर मला विचारलं. सिरदार झाल्यापासून त्याने मला कधी काही मागितलं नव्हतं. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता.

"माजा उपास तू घेतोस का रं? आजा म्हनतो पाला खायला लागंल. खाईन म्हनतो. तू घेतलास तर खाईन."

माझ्यासमोर परात होती. परातीत साखरेने चकाकणारी रताळी. भटजी गंभीर चेहरा करून माझ्याकडे बघत होता, जणू माझी परीक्षा घेतोय. आणि मी हसलो. मनापासून, मोठ्याने हसलो. म्हणालो, "दादा, असला उपास घ्यायचा तर मला आधी तुझ्याएवढं पोट आणावं लागेल."

सगळे हसले. क्षणभर थांबून दादाही हसला, आणि परात जवळ ओढली. त्याने पुन्हा विचारलं नाही. मी ती माझी जीत समजलो आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की बघ, कसा गप्प केला. ती जेवायला वाढत होती. ती पातेलं उचलून चुलीकडे वळली.

तीन आठवड्यांत काळेपणा घोट्याच्या वर चढला. डॉक्टरने या वेळी रुमाल लावला नाही, कामाला लागला. इस्पितळात चौघांनी दादाला धरलं होतं, त्यातला एक मी. भूल म्हणून त्याला रम पाजायची होती तर तो तोंड मिटून बसला. "उपास हाय," म्हणाला. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या दातांतून शेवटी ती ओतावी लागली. पाय गुडघ्याखालून कापला. पाचव्या दिवशी ताप चढला आणि आठव्या दिवशी दादा गेला.

मला रडू आलं नाही, राग आला. त्याचा, भटजीचा, त्या डॉक्टरचा, रताळ्यांचा. महिनाभर मी भेटेल त्याला सांगत सुटलो की माझा भाऊ मूर्खपणाने मेला. वेळीच पाला खाल्ला असता तर आज खेचरावर बसून आपल्या सगळ्यांवर ओरडत असता. लोक मान डोलवत. मला वाटे, पटतंय. बहुधा ते माझ्या समोरून लवकर सुटण्यासाठी डोलवत असावेत.

नवा सिरदार आला आणि वहिनीला मळ्याने सिरदाराला दिलेलं लाकडी घर सोडावं लागलं. ती आमच्याकडे राहायला आली त्या दिवशी मी तिची भांडी उचलून आणत होतो. बायकोने शेवग्याची भाजी केली होती. वहिनी पाटावर बसली, पहिला घास घेतला आणि बराच वेळ नुसती चावत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, आणि तिच्या आवाजात माझ्याविषयी राग नव्हता, असता तर बरं झालं असतं:

"भावजी, तुमचा लई आधार होता त्यांना. त्या रविवारी तुमी गेल्यावर रातभर बरे झोपले. मला म्हनाले, पाय वाचतोय माजा. म्हनलं कशावरनं? तर म्हनाले, अगं, धाकट्याला अक्षरं येत्यात, समदं कळतं त्याला. काय भ्यायासारखं असतं तर हसला असता का त्यो?"